मशीनले तारीख पटत नाही

चंद्रकला सोमकुवर बाई तोंडाची फटकळ आहे, हे छिंदवाड्याकडच्या सौंसरात कोणालाही विचारा, तो सांगेल. बस स्टँडवरचा पानवाला सांगेल, पोस्टातला बाबू सांगेल, आणि संत्रा उत्पादक समितीच्या दफ्तरातले लोक तर तुम्हाला खुर्चीवर बसवून सांगतील. पण ती फटकळ काहून झाली, एवढं विचारून पाहा. लेकाच्यांना तेवढंच आठवत नाही.

बाई समितीत टायपिस्ट होती. एक्याऐंशी साली लागली ती टेम्पररी म्हणून, आणि अठ्ठ्याऐंशी उजाडलं तरी टेम्पररीच. नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून दर अकरा महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवायचे, दुसऱ्या दिवशी नवा कागद हातात द्यायचे, आणि तो कागदही तिच्याकडूनच टाइप करून घ्यायचे. काम मात्र एकटीच्या अंगावर चौघांचं. टायपिंग तिचं, आवक-जावक तिचं, नागपूरला ट्रंक कॉल लावून तास-तास फोनला कान लावून बसणं तिचं, आणि मीटिंग असली की चहाची केटली घेऊन फिरणंही तिचंच. चपराशी गुणवंता होता, पण तो म्हणे साहेबांच्या कामाचा. आमच्याकडे जातपात चालत नाही, असं दफ्तरातले सगळे छाती ठोकून सांगायचे. तरी कान तुटलेला तो एक कप रोज फिरून फिरून बाईच्याच टेबलावर यायचा.

तिचा नवरा उत्तम नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर. माणूस शांत. बायको संध्याकाळी भांडी आदळायला लागली की तो समजायचा, आज दफ्तरात काही झालं. विचारायचा नाही. चहा टाकायचा.

त्या वर्षी जून महिन्यात समितीचे सचिव मुकुंदराव देशमुख यांनी बाईला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बाई, समितीले कॉम्प्युटर मंजूर झाला. ऑपरेटरची जागा पक्की आहे. तुम्ही शिकून घ्या. मशीन चालू झाली की त्या खुर्चीवर तुम्हीच. माझा शब्द आहे."

शब्द! बाईनं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवल्यासारखा ठेवला. जुलैपासून दर रविवारी पहाटेची बस धरून ती नागपूरला जायची, सीताबर्डीवरच्या एका क्लासमध्ये पोरासोरांच्या रांगेत बसायची, आणि अंधार पडता पडता परत. बसमध्ये इंग्रजीचं पुस्तक मांडीवर, डिक्शनरी पिशवीत. लोधीखेड्याला चढणाऱ्या बाया विचारायच्या, "कोन्ती परीक्षा देऊन राहिली व बाई, या वयात?" ती म्हणायची, "पोटाची." पक्की नोकरी, बस, एवढंच तिला पाहिजे होतं. दर अकरा महिन्यांनी हात जोडून उभं राहणं तिला नको होतं.

ऑक्टोबरात मशीन आलं. नागपूरच्या कंपनीचा एक टायवाला पोरगा तीन खोकी घेऊन आला, वायरी जोडल्या, खोलीत एसी लावायला लावला, दाराबाहेर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लटकवली, आणि सगळा स्टाफ हात जोडून उभा असताना बटण दाबलं. पडदा उजळला. दोन ओळी इंग्रजीत आल्या आणि मशीन गप्प.

"आता?" मुकुंदरावांनी विचारलं.

"आता याच्यात सिस्टीम टाकायची राहिली," पोरगा घड्याळ पाहत म्हणाला. "डॉस म्हणतात. त्याशिवाय हा नुसता डबा आहे. फ्लॉप्या पोस्टानं येतील. त्या एकेक करून इथं घालायच्या, आतल्या डिस्कवर चढवायच्या. पुस्तकात सगळं लिहिलं आहे, सोपं आहे." आणि शेवटची बस पकडून तो गेला. सोपं आहे म्हणे! ज्याला स्वतःला करायचं नसतं त्याला सगळंच सोपं असतं.

फ्लॉप्या नोव्हेंबरात आल्या, रजिस्टर पार्सलनं. तीन होत्या. काळ्या कागदी पाकिटात पातळ चकती, हाताच्या पंजाएवढी. आणि इथूनच सगळी बोंब सुरू झाली.

दफ्तराचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते रवींद्र कळंबे. या माणसाचं एकच दैवत, आवकचा शिक्का. समितीत आलेली कोणतीही वस्तू असो, तिच्यावर शिक्का बसला, नंबर पडला, तर ती आली. नाही तर ती आलीच नाही. चिठ्ठीवर शिक्का, खताच्या नमुन्याच्या पुडीवर शिक्का. एकदा फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर शिक्का हाणता हाणता ती फुटली होती आणि सगळं दफ्तर दोन दिवस अंगणात बसलं होतं. तरी अक्कल आली नाही.

बाईनं पाकिटावर शिक्का मारला आणि रजिस्टरात नोंद केली. बडे बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "नग किती?"

"तीन."

"मग शिक्के तीन पाह्यजे."

"बडे बाबू, यांच्यावर दाब देता येत नाही. आत नाजूक असते. क्लासमध्ये सांगतलं आमाले."

"तुमच्या क्लासनं दफ्तर चालते का, बाई?" असं म्हणून त्यांनी शिक्का स्वतः उचलला, पॅडवर घासला, आणि हाणला. धप्प. दुसरीवर धप्प. तिसरीवर धप्प. मग बॉलपेन दाबून दाबून प्रत्येकीवर नंबर घातला, खाली रेघ ओढली, रेघेखाली सही केली. बाई उभी होती. हात धरावा असं वाटलं तिला, पण टेम्पररी माणूस पक्क्या माणसाचा हात धरतो का?

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाईनं चपला बाहेर काढल्या, पहिली फ्लॉपी मशीनच्या फटीत घातली, वरची कडी बंद केली. मशीन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. मग पडद्यावर: डिस्क वाचता येत नाही. तिनं काढली, फुंकली, घातली. वाचता येत नाही. दुसरी घातली. 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' सोडून देऊ, परत करू, की नापास? बाईनं परत-परतचं बटण तीस वेळा दाबलं, आणि मशीननं तीस वेळा तेच विचारलं. इंग्रजीत शिव्या खाण्याची तिला सवय नव्हती, मराठीतल्या तोंडपाठ होत्या.

नागपूरला कॉल लावला. तीन तासांनी लागला. कंपनीवाला म्हणाला, "तुम्ही लोकांनी फ्लॉपी खराब केली असेल. नवीन मागवा. पंधरा दिवस."

पंधरा दिवस? पुढच्या शुक्रवारी, अठरा तारखेला उद्घाटन ठरलं होतं. भटजींनी पंचांग काढून सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त दिला होता, छिंदवाड्याहून सहकार खात्याचे मोठे साहेब येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुकुंदरावांनी डोक्याला हात लावला. आणि बडे बाबू काय म्हणाले असतील? अंदाज करा.

"साहेब, बाईच्या हातून बिघडल्या. मी तर शिक्के बरोबर मारले होते."

बाईच्या कानातून धूर निघायचा बाकी होता. "मी सांगत होती ना तुमाले, दाब देऊ नका!"

"आवाज खाली," बडे बाबू म्हणाले. मुकुंदरावांनी पान तोंडात टाकलं. त्यांची ती सवयच होती, जिथं तोंड उघडायला पाहिजे तिथं ते पान खायचे.

रविवारी बाई नागपूरला गेली. क्लासच्या सरांसमोर बसली आणि म्हणाली, "सर, मले डॉस पाह्यजे. आजच. नाही तर मी इथून उठत नाही." त्या काळी फ्लॉपीची नक्कल मागण्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. सरांनी तीन कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून दिली. बाईनं त्या जुन्या धुवट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळल्या, डब्यात ठेवल्या, आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून सौंसरपर्यंत उभी आली. बसायला जागा होती. पण बाजूला एक माणूस संत्र्याची पाटी घेऊन बसला होता, आणि तिचा आता कोणावर भरवसा राहिला नव्हता.

सोमवारी पहिली फ्लॉपी वाचली गेली. पण आतली डिस्क तयार करायची होती, म्हणजे कोऱ्या वहीत रेघा मारल्यासारखं मशीन एकेक रेघ मारत जाते आणि पडद्यावर आकडा सरकतो. पाऊण तास लागतो. अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. सौंसरची लाइट ती! चार वाजता आली. परत पहिल्यापासून. शेवटाला आलं आणि मशीन म्हणालं, काही जागा खराब आहे. मंगळवारी परत. स्टॅबिलायझर खोलीत कटकट कटकट वाजत होता, एसीनं तिच्या पायांचा बर्फ झाला होता, आणि दर अर्ध्या तासानं दार उघडून बडे बाबू मुंडी आत घालायचे. "झालं का?"

"नाही."

"मग काय करून राहिल्या इतका वेळ?"

बुधवारी दुपारी सगळं मनासारखं चाललं होतं. डिस्क तयार झाली होती. तिसरी फ्लॉपी आत फिरत होती, फायली चढत होत्या, शेवटच्या चार-पाच उरल्या असतील. बडे बाबू आत आले. चपला घालूनच आले. वाकून फटीत पाहिलं, आणि "फिरते का नाही हो हे," म्हणत त्यांनी कडी उघडली.

मशीन किंचाळल्यासारखं वाजलं आणि अडलं.

"हात लावू नका!" बाई ओरडली. असं ओरडली की बाहेर काट्यावर वजन करणाऱ्या हमालांचे हात थांबले. "अक्कल नाही ते नाही, डोळे बी नाहीत का तुमाले? तीन दिवस झाले मी इथं मरून राहिली! निघा बाहेर! निघा!"

बडे बाबू निघाले. पण सरळ केबिनमध्ये निघाले.

बाईनं कडी लावली. परत सुरुवात केली. चार वाजता पडद्याच्या कोपऱ्यात एक इंग्रजी सी, त्याच्यापुढे एक बाण, आणि त्याच्यापुढे उघडझाप करणारी रेघ. फ्लॉपी काढून घेतली तरी रेघ तिथंच. मशीन आपल्या पायावर उभं झालं होतं. खोलीत तिच्याशिवाय फक्त गुणवंता होता, तो फरशी पुसत होता. "झालं काय, बाई?" त्यानं विचारलं.

"झालं रे." आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. किती दिवसांनी तिला हसू आलं होतं!

ते हसू पुरती एक रात्रही टिकलं नाही. गुरुवारी सकाळी मुकुंदरावांनी तिच्या टेबलावर एक मसुदा ठेवला. चार प्रती, जोरात टाइप करा, कार्बन नीट उमटला पाहिजे. वाचता वाचता ती एका ओळीवर अडली. संगणक चालक या स्थायी पदावर श्री अनिल ठाकरे, राहणार पांढुर्णा, यांची नियुक्ती करण्यात येत आहे.

अनिल ठाकरे म्हणजे बडे बाबूंच्या बायकोचा भाऊ. पांढुर्ण्यात व्हिडिओ पार्लर चालवायचा. मशीनची माहिती आहे म्हणे त्याला! कॅसेट आत ढकलायची आणि बटण दाबायचं, एवढी.

ती केबिनमध्ये गेली. "साहेब, तुमी शब्द दिला होता."

मुकुंदराव खिडकीकडे पाहत होते. "बाई, पाहा, काल तुम्ही ज्या भाषेत बोलल्या... बडे बाबू वयानं मोठे आहेत. पक्क्या जागेवर स्वभाव पाह्यजे माणसाचा. आणि तुमचं काही जात नाही न, टायपिंगवर तुम्ही आहातच. अनिलला दोन-चार दिवस दाखवून द्या, कसं काय आहे ते."

हे ऐकून तुम्हाला काय वाटलं? तिला वाटलं, शाईची बाटली उचलावी आणि त्या पांढऱ्या सदऱ्यावर ओतावी. ओतली नाही. जाऊन बसली, चार कागद तीन कार्बन लावले, आणि टाइप केलं. अनिल ठाकरे या नावाच्या एकेका अक्षरावर बोट आपटत गेली. कार्बन चौथ्या प्रतीपर्यंत झक्क उमटला. मुकुंदरावांनी न वाचता सही केली.

घरी आली तेव्हा उत्तमनं पहिल्यांदाच विचारलं, कारण त्या दिवशी तिनं भांडी आदळली नाहीत. तिनं सांगितलं. त्यानं चहा टाकला. "उद्या जाऊ नको," म्हणाला. "तब्येतीचं कारण सांग."

"जाईन," ती म्हणाली. "माझं मशीन आहे थे."

शुक्रवारी दफ्तराला झेंडूच्या माळा. मशीनवर हळद-कुंकू, टेबलापुढं रांगोळी, नारळ. बाईला दारात उभं केलं होतं, हातात केटली देऊन. साहेब लोक बाहेर आले की चहा द्यायचा. आत अनिल नवीन सफारी घालून खुर्चीवर बसला होता. पायात मोजे, पायघड्या घातल्यासारखा थाट. बडे बाबू त्याच्या पाठीशी उभे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. बुधवारपासून मशीन चालूच ठेवलं होतं, आणि गावाच्या नशिबानं लाइटही तेवढी टिकली होती. पण उद्घाटन म्हटलं की आपल्याकडे पाहुण्यानं बटण दाबायला पाहिजे. विहिरीवरचा पंप असो की पिठाची चक्की, पाहुणा बटण दाबतो आणि मग ते चालू होते. चालू मशीनचं उद्घाटन कसं करणार? म्हणून सकाळी बडे बाबूंनीच ते बंद करून ठेवलं होतं. स्वतःच्या हातानं. कोणाला विचारलं नाही.

अकरा वाजून दहा मिनिटं. भटजींनी मंत्र म्हटले, नारळ फुटला, छिंदवाड्याच्या साहेबांनी बटण दाबलं. टाळ्या. पडदा उजळला, आकडे पळाले, मशीन घरघरलं, आणि दोन ओळी आल्या. पहिली म्हणत होती, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. दुसरी म्हणत होती, खरी तारीख घाला.

अनिलनं घसा खाकरला आणि एका बोटानं टाइप केलं: अठरा, अकरा, अठ्ठ्याऐंशी.

मशीन म्हणालं, ही तारीख चुकीची आहे. खरी तारीख घाला.

अनिलनं परत घातली. तारीख चुकीची आहे. आकड्यांमधल्या आडव्या रेघेच्या जागी तिरपी रेघ घातली. चुकीची आहे. पूर्ण एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं. चुकीची आहे. सफारीच्या पाठीवर घामाचा डाग पसरायला लागला.

"क्या बोल रही है मशीन?" साहेबांनी विचारलं.

"म्हणते आहे, आजची तारीख बरोबर नाही," मुकुंदराव पुटपुटले.

मागून कोणीतरी म्हणालं, "भटजी, मुहूर्त चुकला वाटते तुमचा!" हशा पिकला. भटजी लाल झाले. "माझं पंचांग चुकत नाही! मशीनच म्लेच्छ आहे!" आणि त्यांनी पिशवीतून पंचांग काढून मशीनच्या पडद्यापुढंच धरलं. मशीनला त्याचं काय? ते परत म्हणालं, चुकीची आहे.

बाई दारात उभी होती. तिला माहीत होतं, मशीन बंद केलं की ते तारीख विसरते आणि परत विचारते. सोमवारी तिचंही डोकं असंच फिरलं होतं, आजची तारीख घालून घालून ती रडकुंडीला आली होती, तेव्हा पुस्तकाच्या एका कोपऱ्यात बारीक अक्षरात तिला सापडलं की हे मशीन परदेशातलं आहे, त्याला महिना पहिले पाहिजे आणि दिवस मागून. अठरावा महिना जगात नसतो, म्हणून ते अडते. दोन आकडे उलटे केले की झालं. एवढीशी गोष्ट. तिनं केटली दुसऱ्या हातात घेतली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मुझे एक बजे पांढुर्ना पहुँचना है, देशमुखजी."

मुकुंदराव वळले. सगळं दफ्तर वळलं. सात वर्षांत पहिल्यांदा ती सगळी तोंडं तिच्याकडे एकदम पाहत होती.

"सोमकुवर बाई, पाहा न थोडं."

"मी कायले पाहू?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "ऑर्डर अनिल ठाकरेंच्या नावाचा आहे. मीच टाइप केला काल, चार प्रती. मशीन त्यांचं. माझ्याकडे चहाची केटली दिली आहे, चहा विचारा."

"बाई, ही वेळ आहे का?" बडे बाबू दातओठ खात म्हणाले.

"हेच वेळ आहे. दुसरी कधी येते मले?"

"बोलिए क्या चाहिए," साहेब त्रासून म्हणाले. त्यांना या कशातच रस नव्हता, त्यांना गाडीत बसायचं होतं.

"साहेब, ये मशीन तीन दिन बैठके मैंने चालू की. जगह मेरे को देंगे बोले थे. अब लिखके दें."

मुकुंदरावांनी साहेबांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, अनिलकडे पाहिलं. अनिल अजून अठरा अकरा घालतच होता. शेवटी त्यांनी खिशातला पेन काढला. टेबलावरची ऑर्डरची प्रत ओढली, अनिल ठाकरे हे नाव खोडलं, वर लिहिलं, श्रीमती चंद्रकला उत्तम सोमकुवर, राहणार सौंसर, आणि खोडलेल्या ठिकाणी सही केली. तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही.

"बाकीच्या तीन?"

त्या तीनही प्रती कपाटातून आल्या. तीनही खोडल्या. तीनही सह्या झाल्या. मग तिनं त्या वाचल्या. चारी प्रती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सगळं उद्घाटन उभं ठेवून. साहेबांच्या गाडीच्या ड्रायव्हरनं बाहेरून हॉर्न दिला. तिनं एक प्रत घडी करून ब्लाऊजमध्ये खोचली, केटली बडे बाबूंच्या हातात दिली, "धरा," म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.

अनिल उठला. ती बसली. पडदा अंगानं झाकून, पाठ सगळ्यांकडे करून, तिनं काहीतरी टाइप केलं. मशीन तारखेला कबूल झालं. वेळ विचारली, तीही सांगितली. सी आला, बाण आला, रेघ उघडझाप करायला लागली. टाळ्या वाजल्या. फोटो काढला, त्यात मधे साहेब, बाजूला मुकुंदराव, मागे सगळा स्टाफ, आणि बाईचं फक्त कोपर आहे.

तारीख कशी घातली, हे दुसऱ्या दिवशी मुकुंदरावांनी गोड आवाजात विचारलं. तिनं सांगितलं नाही. अनिलनं नाही विचारलं, तो पांढुर्ण्याला परत गेला. बडे बाबूंनी गुणवंताला पाठवलं, पाहून ये म्हणून. ती कीबोर्डवर पदर पसरून बसली. रोज सकाळी ती येईपर्यंत मशीन एक जानेवारी ऐंशीवरच अडून राहायचं, आणि सगळं दफ्तर तिची वाट पाहायचं. फटकळ म्हणतात ना तिला? म्हणा. तिच्या तोंडाला सात वर्षं कोणी विचारलं होतं?

डिसेंबरात पक्क्या नोकरीचं मंजुरीपत्र आलं. बाईनं पेढे आणले, जामसावळीच्या हनुमान मंदिरापुढच्या प्रसादाच्या दुकानातून नव्हे, आपल्या सौंसरच्या हलवायाकडून, चांगल्या तुपातले. खोकं घेऊन टेबलाटेबलावर गेली. मुकुंदराव म्हणाले, उपास आहे. बडे बाबू म्हणाले, शुगर आहे. एक जण दाढ दुखते म्हणाला. एकानं तर मान वर केली नाही, फाइलच वाचत राहिला. आणि त्याच दुपारी बडे बाबूंच्या नातीचं बारसं म्हणून बुंदी वाटली गेली, ती उपासवाल्यांनी खाल्ली, शुगरवाल्यांनी खाल्ली, दाढवाल्यांनी खाल्ली. बाईच्या खोलीपर्यंत आली नाही.

संध्याकाळी तिनं खोकं घरी आणून ओट्यावर ठेवलं. उत्तमनं झाकण उघडून पाहिलं. "कोनीच नाही घेतले?"

"गुणवंतानं घेतला. एक."

उत्तमनं एक पेढा उचलला, अर्धा तिच्या तोंडापुढं धरला. तिनं तोंड फिरवलं, आणि मग जे रडू सात वर्षं आणि एक महिना दाबून ठेवलं होतं ते आलं. तो घाबरला. तिला असं रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"रडतेस काहून आता? पक्की झाली न तू! तुले कोनी काढू शकत नाही आता."

"तेच तं," चंद्रकला म्हणाली. "कोनी काढू शकत नाही. अजून अठ्ठावीस वर्षं मले याच लोकाइत जाऊन बसा लागते."